दोन याद्या, एक किनारा

दरवर्षी १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबाद यांच्यात काही कागदांची देवाणघेवाण होते. दोन्ही देशांत बोलणं चालू असो वा बंद, क्रिकेट असो वा नसो, हा दिवस चुकत नाही. पहिली यादी अणुप्रकल्पांची. ३१ डिसेंबर १९८८ ला झालेल्या करारानुसार दोन्ही देश आपापल्या अणुसुविधांची ठिकाणं एकमेकांना कळवतात आणि त्यांच्यावर हल्ला करणार नाही, या वचनाला बांधलेले राहतात. ही यादी पहिल्यांदा दिली गेली ती १९९२ च्या १ जानेवारीला. दुसरी यादी कैद्यांची. २००८ च्या करारानुसार एकमेकांच्या तुरुंगांतले नागरिक आणि मच्छीमार यांची नावं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या तारखेला दिली जातात. मे २०२५ मधल्या लष्करी संघर्षानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, १ जुलैलाही ती दिली गेली. त्या वर्षीच्या जानेवारीच्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यातले मच्छीमार होते २१७.

वर्तमानपत्रांत या दोन बातम्या बहुधा एकाच दिवशी, आतल्या पानावर येतात. पुण्या-नागपूरच्या वाचकाला त्यांत काही नातं दिसत नाही, दिसायचं कारणही नाही. पालघर जिल्ह्यात मात्र दोन्ही बातम्या घरच्या असतात. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र पहिल्या यादीच्या व्याख्येत बसतं. आणि दिवाळीच्या सुमाराला डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून जी आदिवासी मुलं ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, त्यांच्यातलं कोणी ना कोणी दुसऱ्या यादीत असतं.

आंतरराष्ट्रीय दहशतवाद या विषयावरचं हे पुस्तक पालघर, बोईसर आणि तारापूर इथून त्या विषयाकडे पाहतं. मराठीत या विषयावर आजवर जे लिहिलं गेलं ते बहुतेक मुंबईवरून, काश्मीरवरून किंवा न्यूयॉर्कवरून. तिथे घटना घडल्या, माणसं मेली, तेव्हा लिहिणारेही तिकडेच पाहणार. बोईसरमध्ये असं काही घडलेलं नाही. मग बोईसरच का, हा प्रश्न वाचक विचारील आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं की जिथे हल्ला होतो तिथे दहशतवादाचा परिणाम दिसतो. त्याला तोंड देण्याची रोजची व्यवस्था कशी चालते, तिची किंमत कोण मोजतं, हे पाहायचं तर हल्ला न झालेल्या पण कायम सावध ठेवलेल्या गावांत जावं लागतं.

आधी कराराचीच गोष्ट पुरी करू. १९८८ चा करार दोन सरकारांमधला आहे. सरकारला पत्ता असतो, शिक्का असतो, सही करणारा हात असतो. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कराचीहून निघालेल्या दहा जणांना यातलं काहीच नव्हतं. २३ नोव्हेंबरला त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट भर समुद्रात ताब्यात घेतली, चार खलाशांना मारलं आणि अमरसिंह सोळंकी या तांडेलाला बोट चालवण्यापुरतं जिवंत ठेवलं. मुंबई दृष्टिपथात आल्यावर त्यालाही मारलं. सौराष्ट्राकडून मुंबईकडे येणाऱ्या या दर्यात शेकडो बोटी असतात, उत्तर कोकणातल्याही असतात. त्यांत आणखी एक. २६ नोव्हेंबरच्या रात्री रबरी होडीतून ते कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. त्यांना सगळ्यात आधी कोणी हटकलं असेल तर तिथल्या कोळ्यांनी. कोण तुम्ही, कुठून आलात, असं विचारल्यावर उर्मट उत्तर मिळालं. पुढे १६६ जणांचे जीव गेले. त्या साऱ्या प्रकरणात गुप्तचर यंत्रणांचे इशारे, उपग्रह फोन, पाकिस्तानातून चाललेलं मार्गदर्शन यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला मात्र पुन्हा पुन्हा तो पहिला प्रश्न आठवतो. संशय येणं आणि विचारणं हे काम त्या वस्तीने चोख केलं होतं. तो संशय पुढे नेणारी वाट तेवढी नव्हती.

संयुक्त राष्ट्रांच्या दालनांतली वाट याहून लांबची आहे. १९८५ मध्ये ‘आकिले लाउरो’ या इटालियन प्रवासी जहाजाचं अपहरण झालं, तेव्हा कुठे जगाच्या लक्षात आलं की समुद्रावरच्या अशा गुन्ह्याला नीटसा कायदाच नाही. १९८८ मध्ये रोमला त्यावर करार झाला. ११ सप्टेंबर २००१ नंतर सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३७३ करून दहशतवादाला पैसा आणि आसरा देणं प्रत्येक देशासाठी वर्ज्य ठरवलं; २००४ च्या १५४० ने अण्वस्त्रं, रासायनिक आणि जैविक अस्त्रं कोणत्याही टोळीच्या हाती पडू नयेत ही जबाबदारी देशांवर टाकली; २००५ मध्ये अणुदहशतवादाविरुद्ध स्वतंत्र करार झाला. आणि भारताने १९९६ मध्ये मांडलेला सर्वंकष कराराचा मसुदा? तो अजून मसुदाच आहे. दहशतवादी कोणाला म्हणायचं यावर एकमत होत नाही. एकाचा दहशतवादी दुसऱ्याचा मुक्तिसैनिक, हा वाद तीस वर्षं चालू आहे. २८ ऑक्टोबर २०२२ ला सुरक्षा परिषदेची दहशतवादविरोधी समिती मुंबईत आली, ताज हॉटेलात बैठक झाली, मृतांना आदरांजली वाहिली गेली. ताजपासून कफ परेडची ती वस्ती फार लांब नाही. समितीने तिथेही एक चक्कर मारायला हरकत नव्हती, असं आपलं मला वाटतं.

आता तारापूर. १९६९ मध्ये इथे सुरू झालेल्या दोन अणुभट्ट्या देशातल्या पहिल्या व्यापारी अणुभट्ट्या. अमेरिकन बनावटीच्या, आणि म्हणून सुरुवातीपासून आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर इंधनाचा वाद पेटला आणि तारापूर हे नाव वॉशिंग्टनच्या राजकारणात घुमू लागलं, तेव्हा बोईसर स्टेशनवर उतरणारी माणसं मोजकी होती. पुढे ५४० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. म्हणजे इथल्या माणसाला प्रकल्पाची ओळख आधी विस्थापन म्हणून झाली, मग नोकरी म्हणून, मग किरणोत्सर्गाची शंका म्हणून. दहशतवाद्यांचं लक्ष्य ही ओळख सगळ्यांत शेवटी आली. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा, प्रकल्पाजवळच्या पाण्यात होडी नेण्यास बंदी, दर काही काळाने होणारा आपत्कालीन सराव. घिवली, उच्छेळी, दांडी, नवापूरच्या कोळ्यांना यातलं काय काय पाठ आहे, हे या पुस्तकातल्या मुलाखती वाचल्यावर कळेल. पिढ्यान्‌पिढ्या जिथे जाळं टाकलं तिथे आता जायचं नाही, हे त्यांनी मान्य केलं आहे. आपल्याला ते नीट बसून कोणी सांगितलं नाही, हे मात्र त्यांनी मान्य केलेलं नाही.

मे २०२५ मध्ये या भागाला तिसऱ्या एका यादीचं दर्शन झालं. पहलगामच्या हत्याकांडानंतर केंद्रीय गृहखात्याने देशभर नागरी संरक्षणाचा सराव जाहीर केला. २४४ ठिकाणांच्या त्या यादीत महाराष्ट्रातून पहिल्या गटात तीन नावं होती: मुंबई, उरण आणि तारापूर. सराव ठरला होता ७ मे ला. त्याच पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’ झालं. भोंगा वाजला की काय करायचं, दिवे कसे मालवायचे, हे १९७१ पाहिलेल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. बोईसरची बरीचशी वस्ती तर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून कामाला आलेल्या तरुणांची. आपलं भाड्याचं घर अशा यादीत आहे, हे त्यांना मोबाइलवरून कळलं.

बोईसरमध्ये स्फोटाचा आवाज झाला तर पहिला विचार दहशतवादाचा येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. पहिला विचार येतो ‘कुठल्या कंपनीत झाला?’ हा. तारापूर एमआयडीसीत रसायनं, औषधं, रंग यांचे शेकडो कारखाने आहेत. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोळवड्याजवळ एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, आठ जणांचे प्राण गेले, आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. घातपात नव्हता तो. पण ठराव १५४० ची भाषा न्यूयॉर्कमध्ये कितीही भारदस्त वाटली, तरी तिचा अर्थ शेवटी अशाच वसाहतीत ठरतो. कोणतं रसायन कोणी विकत घेतलं, किती घेतलं, गोदामाच्या वहीत त्याची नोंद आहे का. अमोनियम नायट्रेटवर स्वतंत्र नियम २०१२ मध्ये आले, तेही देशभरातल्या बॉम्बस्फोटांत त्याचा वापर होत राहिल्यावर. ज्या वसाहतीत कामगाराच्या सुरक्षेची वही नीट भरली जात नाही तिथे रसायनाच्या साठ्याची वही नीट भरली जात असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. अपघात आणि घातपात यांची खाती सरकारदरबारी वेगळी. निष्काळजीपणाचं खातं एकच.

रेल्वेचा भाग या पुस्तकात थोडक्यात आला आहे. मला तो अधिक हवा होता. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी ६.२४ ते ६.३५ या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या उत्तरेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही नावं आपण वाचतो, पण ती स्फोटांची ठिकाणं आहेत. ती माणसं जात होती कुठे? वसई, नालासोपारा, विरारकडे. विरारला गाडी बदलून सफाळे, पालघर, बोईसर, डहाणूकडे. डहाणूपर्यंत लोकल यायला अजून सात वर्षं होती आणि पालघर जिल्हा व्हायला आठ. १८९ मृत्यूंचा हिशेब मुंबईच्या नावावर लिहिला गेला, घरं मात्र खाडीपलीकडेही रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा गाडीत चढले तेव्हा त्याला ‘मुंबईचं स्पिरिट’ म्हटलं गेलं. विरारच्या फलाटावर त्याला हजेरी म्हणतात. न गेल्यास पगार कापला जातो.

आणि मग खटला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं; सरकारी पक्षाला गुन्हा सिद्ध करता आलेला नाही, असा निष्कर्ष काढला. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा आत पाठवलं नाही. एकोणीस वर्षांनी हाती उरलं हे. ज्यांची माणसं गेली त्यांना मारेकरी कोण ते कळलं नाही, आणि ज्यांची तारुण्यं तुरुंगात गेली ती परत मिळणार नाहीत. दहशतवादाविरुद्धच्या लढाईत तपास कच्चा ठेवणं हा मला सर्वांत मोठा पराभव वाटतो. तपास कडक होता की नव्हता यावर चर्चा पुष्कळ होते. तो खरा होता की नव्हता, हे विचारलं की आवाज चढतात.

इथेच दुसरीही एक गोष्ट नोंदवायला हवी, नाहीतर या पुस्तकावर एकांगीपणाचा ठपका येईल आणि तो योग्यच असेल. ऑगस्ट २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने नालासोपाऱ्यात छापा घालून गावठी बॉम्ब आणि स्फोटकं जप्त केली. अटक झालेले कट्टर हिंदुत्ववादी संघटनांशी संबंधित असल्याचा पोलिसांचा आरोप होता. यात परदेशी हात नव्हता. दहशतवाद म्हटलं की ज्यांची मान आपोआप एकाच वस्तीकडे वळते, त्यांनी पालघर जिल्ह्याचा हा कागदही वाचावा.

पुस्तकाचा गाभा अर्थात समुद्र आहे. सरकारी वाटणी अशी की नौदलावर एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी, तटरक्षक दलाकडे आतलं-बाहेरचं पाणी, किनाऱ्यालगत सागरी पोलीस. सातपाटी, केळवे, अर्नाळा इथे सागरी पोलीस ठाणी आहेत, डहाणूला तटरक्षक दलाचा तळ आहे. २६/११ नंतर किनाऱ्यावर रडार उभे राहिले, ‘सागर कवच’चे सराव सुरू झाले, खलाशांना बायोमेट्रिक कार्डं आली, बोटींवर रंग आणि नंबर आले, दर्यात जायचं तर टोकन आलं. ३१ जुलै २०११ ला या सगळ्याची परीक्षा झाली: ‘पवित’ नावाचं सुमारे हजार टनांचं बेवारस तेलवाहू जहाज वाहत वाहत येऊन जुहूच्या वाळूत रुतलं. कोणालाही ते वाटेत दिसलं नव्हतं. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला ‘लेडी हान’ नावाची नौका लागली, आत तीन एके-४७. राज्यभर धावपळ उडाली. नंतर कळलं की ओमानजवळ इंजिन बंद पडल्याने ती जून महिन्यात सोडून दिलेली होती, आणि शस्त्रं चाच्यांपासून बचावासाठी ठेवलेली. धोका नव्हता, ठीक. पण जवळपास दोन महिने ती अरबी समुद्रात एकटीच फिरत होती, आणि तिची पहिली वर्दी दिली ती किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांनी.

सातपाटीचा एखादा जुना नाखवा घ्या. पापलेटच्या मागावर रात्रीच्या रात्री दर्यात काढलेला माणूस. कुठली बोट कुठल्या बंदराची, तिचं इंजिन कसं वाजतं, कुठल्या हंगामात तिने इथे असायला नको, हे त्याला न बघता कळतं. ‘सागर सुरक्षा दल’ याच माणसांच्या भरवशावर उभं केलं आहे, १०९३ हा सागरी पोलिसांचा क्रमांक त्याच्याचसाठी आहे. आणि याच माणसाला बंदरात कार्ड दाखव, टोकन दाखव, खलाशांचे आधार दाखव म्हणून थांबवलं जातं. तपासणीला त्याचा विरोध नाही, मी बोललो त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता. तक्रार निराळी आहे: ‘आम्ही सांगितलं तर पुढं काय झालं ते आम्हाला कोण सांगत नाय.’ संशयित बोटीची खबर द्यायला एक फेरी बुडवायची, डिझेल जाळायचं, आणि मग चौकीत चार तास बसायचं ते स्वतःच्याच बोटीची माहिती देत. पुढच्या वेळी माणूस बघूनही न बघितल्यासारखं करतो. राज्याला दहशतवाद्याची यादी करता येत नाही. ज्याची करता येते तो कोळी, त्यामुळे कागद त्याच्यावर साठत जातात.

किनारा विकला गेल्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण १९९३ चं. फेब्रुवारीत रायगडमधल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. दमणपासून रायगडपर्यंत सोन्या-चांदीच्या चोरट्या मालाची जी वाट दशकानुदशकं वहिवाटलेली होती, तिच्यावरूनच तो माल आला. त्या खटल्यात कस्टम्सचे आणि पोलीस दलाचे लोक दोषी ठरले, कस्टम्सचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा त्यांत होते. म्हणजे कार्ड तपासणाऱ्याचंच कार्ड खोटं निघालं होतं. त्यानंतर गोदी कामगार आणि कोळी यांच्यावरच्या तपासण्या वाढल्या.

पलीकडच्या टोकाला दुसऱ्या यादीतली माणसं. ६ नोव्हेंबर २०२१ ला द्वारकेजवळच्या समुद्रात ‘जलपरी’ या बोटीवर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा संस्थेने गोळीबार केला. त्यात पालघर तालुक्यातल्या वडराईचा एक खलाशी मरण पावला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या तुरुंगात वारला, त्याचा देह घरी यायला महिन्याहून अधिक काळ गेला. हा दहशतवाद नव्हे, व्याख्येत बसत नाही. पण ‘कुबेर’ नंतर त्या सागरी सीमेवर प्रत्येक छोटी बोट दोन्ही बाजूंना संशयास्पद झाली, आणि त्या संशयाचं व्याज कोण भरतं हे वडराईला जाऊन विचारावं. खलाशाच्या घरी कमावता हात जातो. बोटीचा मालक गुजरातेत, नवरा कराचीत, आणि बाई तलाठ्याच्या दारात, नवरा जिवंत असल्याचा पुरावा मागत.

भीतीबद्दल एकच. १६ एप्रिल २०२० ला गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाने मारले, पोलिसांच्या देखत. टाळेबंदीतल्या रात्री, चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत अशा अफवांवर. त्या घटनेचा दहशतवादाशी संबंध नाही आणि जोडूही नये. इतकंच म्हणतो की ज्या भागात खरी माहिती वेळेवर पोचत नाही तिथे ‘संशयास्पद बोट दिसली’, ‘अनोळखी माणसं उतरली’ असे निरोप मोबाइलवर फिरू लागले की प्रशासनाने पहिल्या तासात बोललं पाहिजे.

शेवटचं प्रकरण वाढवणवर आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पायाभरणी झालेलं हे ७६ हजार कोटींचं बंदर तारापूरच्या उत्तरेला, डहाणूजवळ होतंय. पुरं झालं की जगातल्या मोठ्या कंटेनर बंदरांत त्याची गणना होईल, असा सरकारचा दावा आहे. मच्छीमारांचा विरोध अजून शमलेला नाही. २००४ पासून जगभरच्या बंदरांना आंतरराष्ट्रीय सुरक्षा संहिता लागू आहे: प्रत्येक बंदराचा सुरक्षा आराखडा, नेमलेला सुरक्षा अधिकारी, धोक्याच्या तीन पायऱ्या. वाढवणचाही आराखडा होईल. अणुकेंद्र, रासायनिक वसाहत आणि महाबंदर एकाच छोट्या किनारपट्टीवर आल्यावर मासेमारीला बंद झालेलं पाणी किती असेल, वरोर आणि धाकटी डहाणूच्या बोटींना वाट कुठून मिळेल, आणि आराखडा करताना त्या गावांतलं कोणी टेबलाशी बसलेलं असेल का, हे त्या प्रकरणात विचारलं आहे. लेखकांनी संबंधित कार्यालयांना पत्रं पाठवली आहेत. उत्तरं आली तर पुढच्या आवृत्तीत छापू.